परक्याच्या हातातली नोट : युआन, रुपया आणि चलन सीमेपार नेण्याची खटपट

रोजमेळ (धागाकर्ती)

गेली एकोणीस वर्षं मी बँकेच्या विदेश व्यापार विभागात आहे. आयातीची बिलं, एलसी (आयातदाराच्या वतीने बँकेने दिलेली पैशांची हमी), परदेशातून येणारे पैसे हे माझं रोजचं काम. पूर्वी चीनहून येणारं झाडून सगळं बिल डॉलरमध्ये असायचं. विकणारा चिनी, घेणारा भिवंडीचा नाहीतर पुण्याचा, अमेरिकेचा त्यात काडीचा संबंध नाही, तरी आकडा डॉलरचा. हल्ली मधूनच युआनची बिलं दिसतात. रुपयातली मात्र अजून बोटांवर मोजण्याइतकीच. हा फरक का पडला, हे बरेच दिवस डोक्यात घोळतंय. म्हणून हा धागा.

आपल्याकडे हा विषय निघाला की एक तर "डॉलरचं राज्य संपलं" म्हणतात, नाहीतर "डॉलरला कोण हलवणार" म्हणतात. दोघांनाही मधल्या कामात रस नसतो. एखादा वर येणारा देश आपलं चलन बाहेर चालावं म्हणून नेमकं काय करतो, ते मला इथे लिहायचंय.

चीनला जाग आली २००८च्या मंदीत. लेहमन ही अमेरिकी बँक बुडाल्यावर जगभर डॉलरची उधारी आटली. चीन आणि त्याच्या शेजाऱ्यांमधला व्यापारही डॉलरमध्येच व्हायचा, त्यामुळे माल तयार, गिऱ्हाईक तयार, आणि पैसे चुकते करायला डॉलर नाहीत अशी अवस्था. शिवाय चीनच्या गंगाजळीत तेव्हा जवळपास दोन लाख कोटी डॉलर होते. मार्च २००९मध्ये चिनी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झोऊ श्याओच्वान यांनी उघड लेख लिहून मांडलं, की जगाचं राखीव चलन एकाच देशाच्या हाती असणं धोक्याचं आहे.

लेखाच्या आगेमागे कामाला सुरुवात झालीच होती. डिसेंबर २००८मध्ये दक्षिण कोरियाशी १८,००० कोटी युआनचा चलन अदलाबदल करार झाला. जुलै २००९मध्ये शांघाय आणि ग्वांगडोंग प्रांतातली चार शहरं निवडून तिथल्या ठरावीक कंपन्यांना हाँगकाँग, मकाव आणि आसियान देशांशी युआनमध्ये व्यापार करायची मुभा मिळाली. दोनच वर्षांत ती देशभर झाली.

खरा कस लागला हाँगकाँगमध्ये. चीनला आपलं भांडवली खातं, म्हणजे गुंतवणुकीच्या पैशाची देशातली ये-जा, मोकळं करायचं नव्हतं. पैसा मनात येईल तेव्हा आत आला आणि बाहेर गेला तर काय होतं, हे १९९७च्या आशियाई चलनसंकटात शेजाऱ्यांचे हाल बघून ते शिकले होते. पण परदेशी माणसाने युआन घ्यावा तर त्याला तो ठेवायला जागा हवी. मग त्यांनी घराचं दार बंदच ठेवलं आणि ओसरीवर बैठक मांडली. २००४पासून हाँगकाँगच्या बँकांना लोकांची युआन खाती उघडता येत होती. तिथल्या रहिवाशाला दिवसाला २०,००० युआन बदलून मिळत. २०१०पासून तिथे युआनचा स्वतंत्र बाजार उभा राहिला. त्याला सीएनएच म्हणतात, आणि मुख्य भूमीवरच्या युआनला सीएनवाय. चलन एकच, भाव दोन. माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदावर यातलं कोणतं लिहिलंय, हे मला आजही दोनदा बघावं लागतं.

त्या ओसरीवर रोखेही आले. युआनचे हाँगकाँगमधले रोखे, म्हणजे डिमसम बाँड. ऑगस्ट २०१०मध्ये मॅकडोनाल्डने २० कोटी युआनचे काढले, आणि वित्तक्षेत्राबाहेरची परदेशी कंपनी युआनमध्ये कर्ज उभारू शकते हे पहिल्यांदा दिसलं. ठेवी वाढत वाढत २०१४अखेर सुमारे एक लाख कोटी युआनवर गेल्या.

पण लोक युआन ठेवत होते ते व्यापारासाठी की तो चढत होता म्हणून? २००५च्या मध्यापर्यंत डॉलरला ८.२८ युआन पडायचे, २०१४च्या सुरुवातीला ६.०५. नुसता ठेवला तरी फायदा. मग ११ ऑगस्ट २०१५ला चीनने एका दिवसात त्याची किंमत दोन टक्क्यांच्या आसपास खाली आणली, आणि ओसरीवरचे पाहुणे उठायला लागले. युआन पडणार यावर पैज लावणारे हाँगकाँगमध्ये उधार युआन घेऊन विकायला लागले. त्यांना रोखण्यासाठी तिथला युआन असा आटवला गेला, की १२ जानेवारी २०१६ला एका रात्रीच्या उसनवारीचा दर वर्षाला ६६ टक्के या हिशेबाने गेला! पैज लावणारे होरपळले, हे खरं. पण ज्याला प्रामाणिकपणे मालाचे पैसे चुकते करायचे होते तोही त्यात होता. पुढच्या वर्षभरात चीनने पैसा बाहेर जायच्या वाटा आवळल्या. हाँगकाँगच्या ठेवी २०१६अखेर जवळपास निम्म्यावर आल्या, आणि देशाची गंगाजळी चार लाख कोटी डॉलरच्या घरातून तीन लाख कोटींवर.

याच काळात, ऑक्टोबर २०१६ला, युआन आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआरच्या, म्हणजे निधीच्या हिशेबाच्या चलनाच्या, टोपलीत डॉलर, युरो, येन आणि पौंडाशेजारी जाऊन बसला, १०.९२ टक्के वजनाने. मान मिळाला आणि ठेवीदार गेला, दोन्ही एकाच हंगामात.

माझ्या कामातून मला एवढं कळलंय. परक्याच्या हातात आपली नोट पडली की तो दोन गोष्टी विचारतो. ही मी कुठे खर्च करू? आणि खर्च करेपर्यंत कुठे ठेवू? पहिल्याचं उत्तर चीनकडे भरभक्कम आहे, कारण सुईपासून सोलर पॅनलपर्यंत सगळं तिथे मिळतं. दुसऱ्याचं अजून अर्धंच आहे. म्हणून आज चीनच्या स्वतःच्या मालव्यापारातला साधारण पाव हिस्सा युआनमध्ये होतो, पण जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत युआन दोन-अडीच टक्क्यांपलीकडे फारसा जात नाही. डॉलर २०२४अखेर ५८ टक्क्यांच्या आसपास होता.

आपल्या रुपयाला हे दोन प्रश्न लावून बघू या. ज्यांचा प्रत्यक्ष संबंध येतो त्यांनी जरूर लिहा.

मागवाला

रोजमेळताई, धागा दोनदा वाचला. आमचा इचलकरंजीत कापडाचा धंदा आहे. एअरजेट माग चीनचे आहेत, त्यामुळे सुटे भाग तिकडूनच येतात.

गेल्या वर्षी कोटेशन मागवलं तर पुरवठादार बाईंनी एकाच मेलमध्ये दोन आकडे पाठवले, एक डॉलरचा आणि एक युआनचा. त्या दिवसाच्या दराने हिशेब केला तर युआनचा आकडा दीड टक्क्याने कमी भरत होता. कारण विचारलं. त्या म्हणाल्या, पोलाद, मजुरी, वीज सगळं आम्ही युआनमध्ये भरतो. डॉलरमध्ये विकलं तर पैसे हातात येईपर्यंत दर कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून डॉलरचा आकडा थोडा चढा लावतो.

मी खुशीत बँकेत गेलो. बँकेने युआनचा जो दर दिला तो रुपया-डॉलर आणि डॉलर-युआन असे दोन दर जोडून. म्हणजे वटणावळ दोनदा. दीड टक्क्यातला मोठा तुकडा तिथेच गेला. तीन महिन्यांचं फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच बांधून, मागितलं तर डॉलरचं पाच मिनिटांत बुक होतं, युआनचं "वर विचारून सांगतो". तीन दिवसांनी उत्तर आलं तोवर दर हलला होता. शेवटी डॉलरमध्येच बिल घेतलं.

बँकेचा दोष काढत नाही. पण वाट सरळ असताना आम्हाला डॉलरच्या गल्लीतून का जावं लागतं, ते कळलं तर बरं.

रोजमेळ

मागवालादादा, हा अनुभव म्हणजे या धाग्याचं मर्म आहे.

रुपया घेऊन युआन देणारा माणूस बाजारात शोधला तर मिळेल, पण त्याला वेळ लागेल. रुपया घेऊन डॉलर देणारे क्षणोक्षणी हजर असतात, डॉलर घेऊन युआन देणारेही. म्हणून दोन टप्प्यांची वाट लांब असूनही स्वस्त पडते. मध्यवर्ती बँकांची बँक असलेल्या बीआयएसच्या एप्रिल २०२२च्या पाहणीत चलनबाजारातल्या शंभरपैकी ८८ व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. युआन ७ मध्ये होता, रुपया १.६ मध्ये. गर्दी असते तिथे भाव चांगला मिळतो, आणि भाव चांगला मिळतो म्हणून गर्दी वाढते. हे चक्र आपोआप सुटत नाही, कुणीतरी सुरुवातीचा तोटा सोसून थेट बाजार उभा करावा लागतो. चीनने जून २०१२मध्ये येनशी आणि एप्रिल २०१३मध्ये ऑस्ट्रेलियन डॉलरशी थेट व्यवहार सुरू केले. त्यासाठी ठरावीक बँकांना सतत दोन्ही बाजूंचे भाव देत बसायला लावलं.

आपल्या बाबतीत आणखी एक खंत आहे. २०१९मध्ये याच पाहणीत दिसलं, की रुपयाचे रोजचे व्यवहार मुंबईत ३,४५० कोटी डॉलरचे होतात आणि लंडनमध्ये ४,६८० कोटींचे. आपल्या चलनाचा भाव आपल्या गावाबाहेर ठरायला लागला होता. उषा थोरात यांच्या समितीने त्याच वर्षी यावर अहवाल दिला. पुढे भारतीय बँकांना रात्रीही परदेशी गिऱ्हाइकांना रुपयाचे भाव द्यायची मुभा मिळाली. माझ्या मते ते पाऊल दहा वर्षं आधी पडायला हवं होतं.

मस्कतकर

रुपया परक्याच्या हातात नवा नाही, हे इथे नोंदवावंसं वाटतं. मी बावीस वर्षं ओमानमध्ये आहे. इथल्या एका वयस्कर ओमानी सहकाऱ्याने मला एकदा घरी नेऊन वडिलांच्या पेटीतली नोट दाखवली. दहा रुपयांची, रिझर्व्ह बँकेची, वर अशोकस्तंभ. पण रंग आपल्या तेव्हाच्या दहाच्या नोटेपेक्षा वेगळा, लाल, आणि क्रमांकाच्या आधी इंग्रजी झेड. त्याचे वडील मत्राहच्या बाजारात खजूर विकायचे आणि हिशेब रुपया-आण्यात ठेवायचे.

१९५९पर्यंत कुवेत, बहरीन, कतार, आजचं यूएई आणि ओमानच्या बऱ्याच भागात सरळ भारतीय रुपयाच चालायचा. त्या वाटेने सोन्याची चोरटी आयात व्हायची. इकडून रुपये जायचे, तिकडून सोनं यायचं, आणि ते रुपये परत आले की रिझर्व्ह बँकेला त्याबदल्यात पौंड मोजावे लागायचे. म्हणून १९५९मध्ये कायदा बदलून आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१मध्ये स्वतःचा दिनार आणला, बहरीनने १९६५मध्ये. आणि ६ जून १९६६ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलरला ४.७६ रुपये होते ते एका रात्रीत ७.५० झाले. दुबई आणि कतारने त्याच वर्षी रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७०पर्यंत रेंगाळला.

सहकारी सांगत होता, वडिलांना आपण काही चूक केली नाही तरी शिलकीचा तिसरा हिस्सा का गेला हे कधीच उमगलं नाही. मला तेव्हा काय बोलावं ते सुचलं नाही. १९६६ला आपल्यापुढे दुष्काळ होता, युद्धाचा खर्च होता, परदेशी मदत अडली होती, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण मत्राहच्या खजूरवाल्याला त्याच्याशी काय करायचंय? त्याने आपल्यावर भरवसा टाकला होता. मला वाटतं, रुपया बाहेर चालवायचा तर या पेटीतल्या नोटेपासून सुरुवात करावी लागेल.

पायवाट

मस्कतकर, तुमचा प्रतिसाद वाचून नेपाळ आठवलं. तिथला रुपया १९९३पासून आपल्या रुपयाशी १.६ या दराने बांधलेला आहे. सीमेलगतच्या गावांत आपली शंभराची नोट डोळे मिटून घेतात. भूतानचा ङुल्त्रुम तर आपल्या रुपयाच्या बरोबरीचाच.

डिसेंबर २०१६मध्ये मी पोखऱ्याला होतो. लॉजचा मालक संध्याकाळी शेगडीशी बसला असताना त्याने खिशातून आपल्या पाचशेच्या जुन्या नोटांची घडी काढली. भाऊ पुण्यात हॉटेलात कामाला, दसईला घरी येताना पगार घेऊन आला होता. आपल्याच नियमाप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंत अशा नोटा नेपाळला न्यायची मुभा होती. मला विचारत होता, तुमच्याकडे बदलून मिळतील का. मी दोन-तीन घेऊ शकलो असतो, पण मुदत संपत आलेली आणि परतीला अजून आठवडा होता. नेपाळच्या मध्यवर्ती बँकेकडे जमा झालेल्या जुन्या नोटाही आपण पुढे बदलून दिल्या नाहीत. रक्कम आपल्या मानाने किरकोळ होती. ती तेव्हाच बदलून द्यायला हवी होती असं माझं ठाम मत आहे.

सरळरेषा

माहिती चांगली आहे, पण एक मूळ शंका. रुपया जगभर चालला काय आणि न चालला काय, पगारावर जगणाऱ्या माणसाला काय फरक पडतो? उलट आपला पैसा परदेशातल्या सट्टेबाजांच्या हातात जाईल. जर्मनीसारख्या देशाने एकेकाळी मार्क बाहेर फार पसरू नये म्हणून प्रयत्न केले होते. त्यांना अक्कल नव्हती का?

रोजमेळ

सरळरेषा, जर्मनीचा मुद्दा बरोबर आहे. त्यांच्या मध्यवर्ती बँकेला भीती होती, की मार्कला बाहेरून मागणी वाढली तर तो महाग होईल, निर्यात मार खाईल आणि महागाईवरचा ताबा सुटेल. ती भीती आजही खरी आहे. आपल्या तारापोर समित्यांनी १९९७ आणि २००६मध्ये भांडवली खातं सावकाश, अटी पुऱ्या करत उघडा असं सांगितलं ते याचसाठी.

पण फरक पडत नाही हे मला पटत नाही. २०१३चा उन्हाळा आठवा. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखे खरेदी कमी करू असं नुसतं सूचित केलं, आणि मे महिन्यात ५५च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर ६८च्या वर गेला. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो. वॉशिंग्टनमधल्या एका वाक्याने इथला डिझेलचा टँकर महागतो, आणि त्यामागून भाजी. तेलाच्या बिलातला काही हिस्सा जरी रुपयात गेला तर तेवढा धक्का कमी. ऑगस्ट २०२३मध्ये इंडियन ऑईलने अबुधाबीच्या ॲडनॉककडून दहा लाख बॅरल तेल रुपये मोजून घेतलं. आपल्या भुकेच्या मानाने तो घास लहान आहे, पण तेल रुपयात मिळू शकतं हे कागदावर आलं.

बाणावलीचो

मी गोव्याचा. मे २०२३मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक आमच्या बाणावलीत भरली होती. रस्ते बंद, बंदोबस्त, आमची तारांबळ. तिथेच रशियाचे लावरोव पत्रकारांना सांगून गेले, की भारतीय बँकांमध्ये आमचे अब्जावधी रुपये साठलेत, ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील आणि त्यावर बोलणी चालू आहेत.

तेव्हा मला ती नुसती बातमी वाटली. ताईंचे दोन प्रश्न वाचल्यावर आज उलगडा झाला. २०२२-२३मध्ये आपण रशियाकडून सुमारे ४,६०० कोटी डॉलरचा माल घेतला, मुख्यतः तेल, आणि त्यांना विकला जेमतेम ३०० कोटींचा. इतके रुपये घेऊन रशिया आपल्याकडून घेणार तरी काय?

रोजमेळ

अगदी नेमकं. जुलै २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून खास रुपी व्होस्ट्रो खात्यांची सोय केली. परदेशी बँक आपल्या बँकेत रुपयाचं खातं उघडते. आपला आयातदार त्यात रुपये भरतो, आणि आपल्या निर्यातदाराला त्याच खात्यातून रुपये मिळतात. खातं उघडणं सोपं होतं, काही महिन्यांत १८ देशांच्या बँकांच्या ६० खात्यांना मंजुरी मिळाली. पण खात्यात एका नळाने पाणी पडत राहिलं आणि दुसरा नळ बारीक असला तर हौद तुंबतो. नंतर रशियन तेलाचे पैसे बऱ्याच प्रमाणात यूएईच्या दिऱ्हाममध्ये जायला लागले.

याच्या उलट इराणचं उदाहरण बघा. २०१२मध्ये निर्बंधांमुळे तेलाचे ४५ टक्के पैसे यूको बँकेतल्या खात्यात रुपयात भरायचं ठरलं. इराणला ते पैसे तिथे कुजवायचे नव्हते. त्यांनी बासमती घेतला, चहा घेतला, सोयापेंड घेतली, औषधं घेतली. २०१९मध्ये अमेरिकेने सवलत काढून घेतली तोवर ते बऱ्यापैकी चाललं. फरक एवढाच, की इराणला आपल्याकडचं काही तरी हवं होतं.

म्हणून या विषयात परिपत्रकांपेक्षा कारखान्यांचं आणि शेतमालाचं वजन जास्त आहे असं मी मानते. खात्यात पडून राहिलेला रुपया आपल्या सरकारी रोख्यांत गुंतवायची मुभा नंतर वाढवली गेली. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं, कुठे ठेवू या प्रश्नाचं, उत्तर सुधारलं. जून २०२४पासून परदेशी गुंतवणूकदार ज्याकडे बघून पैसे लावतात त्या जेपी मॉर्गनच्या रोखे निर्देशांकात आपले रोखे आले, तेही त्याच बाजूचं. पहिला प्रश्न अजून उभाच आहे.

सहामाही

मी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अदलाबदल करार पुस्तकात चार ओळींत संपतो. दक्षिण कोरियाने १८,००० कोटी युआन घेऊन केलं काय? आणि अशा करारांनी चलन पसरतं कसं?

रोजमेळ

सहामाही, करार म्हणजे लगेच पैसे हलत नाहीत. ती मंजूर उचल आहे. दोन मध्यवर्ती बँका ठरवतात, की गरज पडली तर तू मला तुझं चलन दे, मी तुला माझं ठेव म्हणून देते, ठरलेल्या मुदतीत व्याजासकट परत. बहुतेक करार वर्षानुवर्षं नुसते कागदावर असतात. त्यांचा उपयोग असा, की तिथल्या व्यापारी बँकेला खात्री वाटते, युआनमध्ये बिल घेतलं आणि ऐनवेळी युआन कमी पडले तर मागे कुणी तरी आहे.

अर्जेंटिनाने मात्र ही उचल खरंच वापरली. २०२३मध्ये त्यांच्याकडचे डॉलर आटले. आधी चिनी आयातीचे पैसे त्या उचलीतून युआनमध्ये दिले, आणि जूनअखेर नाणेनिधीच्या हप्त्याचा काही भागही युआनमध्ये भरला. युआन एसडीआरच्या टोपलीत असल्यामुळे नाणेनिधीला तो चालला. २०१६चा तो मान इथे कामी आला. पण यात अर्जेंटिना चीनचा ऋणको झाला, हेही विसरू नकोस.

चीनची यात एक अडचण आहे. तो विकतो जास्त आणि घेतो कमी, त्यामुळे व्यापारातून जगाच्या हातात युआन जातच नाही, उलट जगाकडून त्याच्याकडे पैसा येतो. म्हणून त्याला युआन कर्जाच्या आणि करारांच्या वाटेने बाहेर ढकलावा लागतो. आपलं उलटं. आपण घेतो जास्त, रुपये बाहेर जाऊ शकतात, पण घेणारा म्हणतो, याचं करू काय.

आपणही छोट्या प्रमाणात ही वाट धरलीय. २०२४पासूनच्या सार्क देशांसाठीच्या व्यवस्थेत २५,००० कोटी रुपयांची खिडकी रुपयातल्या उचलीसाठी ठेवली आहे, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये मालदीवशी ३,००० कोटी रुपयांचा करार झाला.

जुनी वही

थोडं मागे जाऊन लिहितो. डॉलरसुद्धा असाच मुद्दाम उभा केलेला आहे. १९१३पूर्वी अमेरिका जगातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था होती, तरी ब्राझीलची कॉफी न्यूयॉर्कला उतरायची तेव्हा तिची हुंडी लंडनला पौंडात वटायची. अमेरिकेच्या राष्ट्रीय बँकांना परदेशात शाखा काढायची परवानगीच नव्हती. १९१३च्या कायद्याने फेडरल रिझर्व्ह स्थापन झाली, शाखांची मुभा मिळाली, आणि पुढे न्यूयॉर्क फेडच्या बेंजामिन स्ट्राँग यांनी डॉलरच्या हुंड्यांचा बाजार जमावा म्हणून फेडलाच त्या हुंड्या विकत घ्यायला लावल्या. पहिल्या महायुद्धाने लंडन खिळखिळं केलं होतंच. विशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत व्यापारी उधारीत डॉलर पौंडाच्या बरोबरीला येऊन पुढे सरकला. जेमतेम दहा-बारा वर्षं लागली.

ताईंनी वर सुरुवातीचा तोटा सोसणारा कुणी तरी लागतो म्हटलंय. तिथे तो फेड होता.

सरळरेषा

हे वाचून माझं मत थोडं हललंय, प्रामाणिकपणे सांगतो. पण मग यूपीआय दुबई, पॅरिस, काठमांडूला चालतंय तर रुपया पोचलाच ना तिथे?

रोजमेळ

नाही. तुम्ही आयफेल टॉवरचं तिकीट यूपीआयने काढलंत तरी तिकीटवाल्याच्या खात्यात युरोच जमा होतात. आपल्या प्रवाशाची सोय झाली आणि वटणावळ कदाचित वाचली, पण त्या माणसाने रुपया हातात घेतला नाही. चीनच्या सिप्सचंही थोडं तसंच. ऑक्टोबर २०१५मध्ये सुरू झालेली ती पैसे पोचवायची वाहिनी आहे. वाहिनी हवीच, पण वाहिनीतून काय वाहतंय ते वेगळं बघायला लागतं. २०२२मध्ये रशियाची सुमारे ३०,००० कोटी डॉलरची गंगाजळी गोठवल्यावर बऱ्याच देशांनी अशा स्वतंत्र वाहिन्यांचा विचार सुरू केला, तो साहजिकच होता.

ब्रिक्सच्या समाईक चलनाबद्दल दोघांनी व्यनित विचारलंय. असं चलन अस्तित्वात नाही, त्यामुळे इथे त्यावर लिहीत नाही.

मागवाला

पुन्हा आलो. धाग्याचा परिणाम म्हणा. आमचं ग्रे कापड कोलंबोच्या एका व्यापाऱ्याला जातं, आठ वर्षांचे संबंध. आजवर डॉलरमध्ये बिल. २०२२मध्ये त्यांच्याकडे डॉलरचा खडखडाट झाला तेव्हा आमचे पैसे सात महिने अडकले होते. माणूस भला, बुडवले नाहीत, पण त्या सात महिन्यांत कामगारांचे पगार कसे भागवले ते मला माहीत.

परवा त्यांना फोन करून विचारलं, रुपयात बिल केलं तर चालेल का. मला वाटलं होतं नको म्हणतील. ते म्हणाले, चालेल, पण मला रुपये कुठून मिळणार? माझी सगळी विक्री श्रीलंकेत आहे, भारताला मी काहीच विकत नाही. तिथली बँक रुपये देते, पण मोजके. साठ दिवसांची रुपयातली उधारी कुणी देत असेल तर आजच ऑर्डर वाढवतो.

ताई, असं काही आहे का?

रोजमेळ

आहे, दादा. ऑक्टोबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने नेपाळ, भूतान आणि श्रीलंकेतल्या अनिवासींना व्यापारासाठी रुपयात कर्ज द्यायची मुभा आपल्या बँकांना देत असल्याचं जाहीर केलं. कोलंबोच्या व्यापाऱ्याला, किंवा त्यांच्या बँकेमार्फत, आपली बँक रुपयात उधारी देऊ शकते. तुम्हाला माल पाठवल्यावर रुपये मिळतील आणि ते साठ दिवसांनी फेडतील. व्याजदर काय बसतो ते बघावं लागेल, कारण रुपयाचं व्याज डॉलरपेक्षा सहसा जास्त असतं. पण दोन्हीकडची वटणावळ आणि तुमचं फॉरवर्डचं प्रीमियम यात घालून हिशेब करा.

बँकेत जाताना जुन्या बिलांच्या प्रती, त्यांच्याकडून वेळेवर आलेल्या पैशांचे दाखले आणि त्यांच्या बँकेचं नाव घेऊन जा. शाखेत माहिती नसेल तर विदेश व्यापार विभागाच्या अधिकाऱ्यालाच भेटा, आणि परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा.

मागवाला

आज जाऊन आलो. शाखेतल्या मॅडमनी असं पहिल्यांदाच कुणी मागतंय म्हणून सांगितलं, पण फाइल ठेवून घेतली आणि मुंबईला पाठवली. कोलंबोच्या बँकेचं पत्र यायचंय. बारा हजार मीटर कापडाचं बिल तयार केलंय. रकमेच्या रकान्यात डॉलर खोडून रुपये लिहिलेत. तिकडून उत्तर आलं की इथेच कळवतो.